डबाभर बर्फ

पेट्रोल एवढं महाग की डोंगर वर्षातून एकदाच परवडतो,
आणि तोही अर्धाच.
वाएलनं आधी टाकी मोजली, मग बोटं मोजली.
म्हणाला, बशर्रीच्या वर जायचं नाही.
मी मान हलवली. मला ठाऊक होतं, जाणार.

यझनचे बूट शेजारच्या आर्मेनियन बाईंच्या नातवाचे,
दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचे बोळे.
लुजैनला बूटच नाहीत.
दोन-दोन मोजे, वर पावाच्या पिशव्या,
घोट्याशी माझे केसांचे रबर.

सासरे दारापर्यंत आले, भिंत धरून.
तीस वर्षं ह्याच रस्त्यावर टॅक्सी चालवली त्यांनी,
आता गुडघे जिना उतरू देत नाहीत.
"तिसऱ्या वळणाआधी पोरीला पुढे घ्या,
तिथं सगळ्यांनाच होतं," म्हणाले.
आणि मग, कोपऱ्यावरून पाव आणायला सांगावा तसं,
"येताना थोडा बर्फ आणा.
सावलीतला. रस्त्याकडेचा नको."

तिसऱ्या वळणावर लुजैनला उलटी झाली.
वाएल हसला.
मी नाही. माझ्या मांडीवर झाली होती.

वर चाकांना साखळ्या भाड्यानं देणारा एक पोरगा,
हात बिटासारखे लाल.
त्यानं आकडा सांगितला, आमच्या गाडीकडे पाहिलं,
आणि आपणहून कमी केला.
असली दया गिळायला वेळ लागतो.

लुजैननं बर्फाला बोट लावलं, झटकन मागे घेतलं.
"भाजलं!"
चार वर्षांच्या आयुष्यात
हात मागे घ्यायला लावणारा तिला एकच ठाऊक, स्टोव्ह.
यझन देवदाराच्या आडोशाला गेला,
उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहायला लागला.
टिंबांपर्यंत पोचण्याआधीच शाई संपली.

आणि वाएल, ऑफिसच्या कोटात,
हात पसरून उताणा पडला.
इतका वेळ, की मी दोनदा हाक मारली.
"ऐक," तो म्हणाला.
मी ऐकलं. काहीच नव्हतं.
"तेच. इथं कुणाचा जनरेटर नाही."
मग मीही पडले त्याच्या शेजारी.
मांडीवरचा डाग थंड झाला, कडक झाला,
आणि मला त्याचं काही वाटेना.

डब्याची आठवण निघताना झाली.
पिशव्या फाटलेल्या, लुजैन रडकुंडीला आलेली,
सावली शोधायला कोण जातंय?
ऑलिव्हचा पाच किलोचा डबा
गाडीच्या दाराशीच दाबून भरला.

खाली समुद्र दिसू लागला तशी काच उघडावी लागली.
मुलं झोपली. डबा माझ्या गुडघ्यांत,
आत काहीतरी बसतं, सरकतं,
तिसऱ्या बाळासारखं.

घरी वीज नव्हती, म्हणजे लिफ्ट नव्हती.
सात मजले.
वाएलच्या खांद्यावर यझन, माझ्या खांद्यावर लुजैन,
दोघांच्या मध्ये डबा, एकेक कडी धरून,
मोबाईलचा उजेड दातांत.

सासऱ्यांनी वाटी आधीच काढून ठेवलेली,
द्राक्षाच्या काकवीची बाटलीही.
एक चमचा तोंडात ठेवला, डोळे मिटले.
"रस्त्याकडेचा आहे."
कुणीच काही बोललो नाही.
त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.
वाटीतून देवदाराची एक सुई निघाली,
ती जिभेवरून काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली,
जिथं पूर्वी सुटे पैसे असायचे.

दहा वाजता वीज आली.
फ्रीज दचकून सुरू झाला,
यझन उठला आणि बिछान्यातूनच म्हणाला,
उरलेला आत ठेवा ना, उद्यासाठी.

डब्यात चार बोटं पाणी होतं, थोडी माती.
ठेवला.